त्रिरश्मी लेणीवरचा जमाखर्च

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'बाकी सगळ्या विषयांत सुटला, गणितात राहिला.' मग घरातले वडीलधारे मुलाची समजूत घालतात, 'जाऊ दे बाळा, आपल्या घराण्यातच गणित नाही. आपले डोके त्या बाजूचे नाही.' बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हे वाक्य मुलाच्या मनात घर करून बसते. पुढच्या वर्षी ते लेकरू गणिताचे पुस्तक उघडण्याआधीच हरलेले असते. मुलगी असेल तर बोलायलाच नको. तिला गणित 'जमणार नाही' हे तिच्या पहिलीच्या पाटीपासूनच ठरलेले असते.

हा समज खोटा आहे. तो खोटा आहे याचा पुरावा आपल्या नाशिकमध्येच, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात, दगडावर कोरून ठेवलेला आहे. लोक ज्यांना अजूनही पांडवलेणी म्हणतात, त्या त्रिरश्मी बुद्ध लेणी. पांडवांचा आणि या चोवीस लेण्यांचा काही एक संबंध नाही. भिक्खुसंघासाठी ही लेणी कोरली, असे तिथले शिलालेख स्वतःच सांगतात. बुद्धपौर्णिमेला आपण सहकुटुंब तिथे जातो, वंदन करतो, मुलांचे फोटो काढतो आणि खाली उतरतो. भिंतीवरची अक्षरे मात्र फार थोडे लोक पाहतात. त्या अक्षरांमध्ये व्याजाचा एक पुरा हिशेब आहे. आज तो हिशेब आपण उलगडून पाहू. गणितातल्या कल्पना कोठून येतात आणि शतकानुशतके कशा वाढत जातात, हेही त्यातून समजेल.

उषवदाताचे दानपत्र

दहा क्रमांकाच्या लेणीला नहपानाचा विहार म्हणतात. नहपान हा क्षहरात कुळातला शक क्षत्रप. त्याचा जावई उषवदात याने ही लेणी कोरवून संघाला दान दिली. काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचा लेखही तिथेच आहे. उषवदाताचा एक लेख ४२ व्या वर्षाचा आहे आणि आपल्याला पाहायचा आहे तो हाच.

लेखाचा आशय असा. उषवदाताने लेणीसोबत तीन हजार कार्षापणांची अक्षय ठेव दिली. कार्षापण म्हणजे त्या काळचे नाणे. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, व्याजाने ठेवली. गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचे आपले गोवर्धन गाव. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, या लेणीत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. दुसऱ्या ठेवीचे व्याज त्यांच्या इतर किरकोळ खर्चासाठी. शिवाय नारळाची ८००० झाडे दान दिली. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून तिथल्या दप्तरी नोंदवला.

ज्यांनी पतपेढीत किंवा विहाराच्या ट्रस्टमध्ये काम केले आहे, त्यांना हा मजकूर परका वाटणार नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून खर्च भागवायचा, यालाच आज आपण कायम निधी म्हणतो. कोणाकडे ठेव, किती दराने, कशासाठी, कोणासाठी आणि नोंद कुठे, हे सगळे त्यात आहे. आजच्या हिशेबतपासनिसालाही त्यात फारशी उणीव काढता येणार नाही.

ताळा करून पाहू

आता कागद-पेन्सिल घ्या आणि मुलांना जवळ बसवा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस कार्षापण. वर्षाचे बारा महिने, म्हणून २० गुणिले १२, बरोबर २४०. आता खर्चाची बाजू. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा, म्हणजे पुन्हा २४०. जमा २४०, खर्च २४०. शिल्लक नाही, तूटही नाही.

दुसरी ठेव पाहा. हजारावर दरमहा शेकडा पाऊण म्हणजे महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद कार्षापण. वीस जणांत वाटले तर प्रत्येकी साडेचार.

याचा अर्थ काय? दान किती द्यायचे हा आकडा उषवदाताने हवेतून काढलेला नाही. भिक्खू किती, चीवराला लागते किती, व्याज मिळते किती, हे आधी मांडले आणि त्यावरून मुद्दल ठरवले. शाळेत आपण मुद्दलावरून व्याज काढतो, नंतर व्याजावरून मुद्दल काढायचे उलटे उदाहरण येते आणि तिथे मुले अडखळतात. ते उलटे उदाहरण इथे दोन हजार वर्षांमागे एका गरजेपोटी सोडवलेले आहे. गरज अशी की पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहणाऱ्या वीस माणसांना दरवर्षी वस्त्र मिळाले पाहिजे, दाता जिवंत असो वा नसो.

लेखाची भाषा पाहा. ती आहे प्राकृत, लोकांच्या बोलण्याजवळची. व्याजाला त्यात 'वढि' असा शब्द आहे, म्हणजे वाढ. पाऊण दराला शब्द आहे 'पायून'. आपला 'पाऊण' तो हाच. आपल्या आज्या-पणज्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकीचे पाढे म्हणत. ज्यांच्या तोंडी हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांच्या घराण्यात गणित नव्हते असे कोण म्हणेल? आणि ती ठेव सांभाळणारे कोण होते? राजवाड्यातले पंडित नव्हेत, तर हातमागावर बसणारे विणकर. दर महिन्याला व्याजाची वीस नाणी बाजूला काढायची, भांडवल धंद्यात खेळते ठेवायचे, ते बुडू द्यायचे नाही, हा हिशेब त्यांना येत असला पाहिजे. नाहीतर त्यांच्याकडे कोणी ठेव ठेवली नसती.

याच लेणीत पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. तिने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेल गाळणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. दान देणारी बाई आणि पैसा सांभाळणारे कष्टकरी. मुलींना गणित जमत नाही म्हणणाऱ्यांनी हा लेख जरूर पाहावा.

शून्य नसलेले आकडे

आता खरी गंमत. उषवदाताच्या लेखात रक्कम आधी अक्षरांत लिहिली आहे आणि लगेच पुढे आकड्यांत, जशी आपण धनादेशावर लिहितो. याचा फायदा एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना झाला. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी अक्षरांचा उलगडा केला. मग लेण्यांतल्या आकड्यांचा उलगडा करण्यासाठी डॉ. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी मेहनत घेतली. शेजारी अक्षरी रक्कम असल्यामुळे कोणते चिन्ह किती किमतीचे, हे ताडून पाहता आले. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात याहून जुने आकडे आहेत. जगात जिथे कुठे अंकांचा इतिहास शिकवतात, तिथे नाणेघाट आणि नाशिक ही दोन नावे घेतली जातात.

पण हे आकडे आपल्यासारखे नाहीत. १, २, ३ म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा. चार ते नऊ यांना वेगवेगळी चिन्हे. इथपर्यंत ठीक. पुढे दहाला वेगळे चिन्ह, वीसला वेगळे, तीसला वेगळे, असे थेट नव्वदपर्यंत. शंभराला आणखी एक, हजाराला आणखी एक. म्हणजे एकूण वीस चिन्हे पाठ करायची. ४२ लिहायचे तर 'चाळीस'चे चिन्ह आणि पुढे दोन रेघा. दोन हजाराला हजाराच्या चिन्हाला एक फाटा, तीन हजाराला दोन फाटे. आठ हजाराला हजाराच्या चिन्हाला आठचे चिन्ह जोडायचे. त्याच लेखात देव-ब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा उल्लेख आहे. तिथे हजाराच्या चिन्हाला सत्तरचे चिन्ह जोडले आहे. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या भावाने त्याचे दोन हजार सुवर्ण होतात, हा भागाकारही लेखात करून दाखवला आहे.

या सगळ्यात एक गोष्ट कुठेही नाही : शून्य. आणि ते नाही म्हणून काही अडलेलेही नाही. रक्कम नोंदवण्यापुरती ती पद्धत पुरेशी होती.

अडचण येते ती आकडेमोड करताना. त्या चिन्हांत बेरीज मांडून पाहा. एकाखाली एक आकडे येत नाहीत, हातचा कुठे घ्यायचा ते कळत नाही. म्हणून जगभर जुन्या काळी हिशेब करताना लोक खडे, सोंगट्या, कवड्या किंवा मणी वापरत आणि आलेले उत्तर चिन्हांत लिहून ठेवत. करण्याची पद्धत एक, लिहिण्याची दुसरी. या दोहोंमधली दरी भरून काढायला माणसाला काही शतके लागली.

सोंगटी एकच, किंमत वेगळी

ही दरी कशी भरली याचा एक मौल्यवान धागा बौद्ध ग्रंथांत सापडतो. आचार्य वसुबंधू यांनी चौथ्या-पाचव्या शतकात अभिधर्मकोशावर भाष्य लिहिले. त्यात भदंत वसुमित्र यांचे एक मत नोंदवलेले आहे. विषय गणिताचा नाही. एकच वस्तू भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांत वेगवेगळी कशी म्हणवते, हा प्रश्न आहे. समजावून सांगण्यासाठी वसुमित्र मोजणीच्या सोंगटीचा दाखला देतात. तीच सोंगटी एककाच्या घरात ठेवली तर एक म्हणायची, शतकाच्या घरात ठेवली तर शंभर, सहस्राच्या घरात ठेवली तर हजार. सोंगटी बदलत नाही, तिची जागा बदलते.

आजच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकात एकक, दशक, शतकाची घरे असतात, ती हीच. दाखला नेहमी ओळखीच्या गोष्टीचा देतात. म्हणजे त्या काळच्या भिक्खूंना आणि श्रोत्यांना घरे आखून सोंगट्यांनी मोजणे चांगले ठाऊक होते. स्थानिक किमतीची कल्पना हातात होती, फक्त ती लेखणीत उतरली नव्हती.

लेखणीत उतरताना एक अडचण आली. सोंगट्यांच्या पटावर एखादे घर रिकामे असेल तर ते रिकामे दिसते. कागदावर मात्र रिकामी जागा दिसत नाही. तीनशे पाच लिहायचे तर तीन आणि पाच, मध्ये दशकाचे घर रिकामे. खूण केली नाही तर वाचणारा पस्तीस वाचील. म्हणून रिकाम्या घरात ठिपका द्यायची किंवा वाटोळे काढायची पद्धत पडली. शून्याचा जन्म असा झाला. कोणा एका महापुरुषाला एका रात्री साक्षात्कार झाला आणि शून्य सापडले, असे घडलेले नाही. जागा चुकू नये म्हणून केलेली ती एक साधी खूण होती.

कंबोडियातल्या सांबोर येथील शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३ च्या शिलालेखात मधल्या शून्याच्या जागी ठिपका आहे. आपल्या देशात ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा लेख आहे. तोही दानाचाच. बागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि रोज ५० माळा. २७० आणि ५० मधली शून्ये आपण आज काढतो तशीच वाटोळी आहेत. त्रिरश्मीचा हिशेब शून्याविना, ग्वाल्हेरचा शून्यासह. दोन्ही दानपत्रेच, पण मध्ये साधारण साडेसातशे वर्षे गेली.

भदंत नागार्जुनांच्या तत्त्वज्ञानात 'शून्यता' हा शब्द येतो, म्हणून गणितातले शून्य तिथूनच निघाले असे काही जण छातीठोकपणे सांगतात. त्याला लेखी पुरावा नाही. शब्द एक आहे म्हणून बाप एक ठरत नाही. वसुमित्रांच्या सोंगटीचा पुरावा ग्रंथात आहे, तेवढाच आपण सांगावा. पुराव्याविना बोलणे आपल्या परंपरेला शोभत नाही.

खुणेची झाली संख्या

रिकाम्या घराची खूण एक, आणि 'शून्य ही संख्या आहे, तिची बेरीज-वजाबाकी करता येते' हे म्हणणे दुसरे. ते पाऊल ब्रह्मगुप्ताने ६२८ साली आपल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात टाकले. शून्य मिळवले, वजा केले, गुणले तर काय होते, याचे नियम त्याने दिले. त्याच ठिकाणी शून्याहून लहान संख्यांचेही नियम दिले. त्या संख्यांना नाव काय? ऋण. आणि मोठ्यांना? धन. सावकाराच्या वहीतले कर्ज आणि मालमत्ता हेच शब्द गणिताने उचलले. चारशे रुपये देणे आणि चारशे रुपये येणे मिळून शून्य, ही गोष्ट वही लिहिणाऱ्याला आधीच माहीत होती.

पण भागाकारापाशी ब्रह्मगुप्तही चुकला. शून्याला शून्याने भागले तर शून्य, असे त्याने सांगितले. पाचशे वर्षांनी, ११५० साली, भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या संख्येला 'खहर' म्हटले आणि ती अनंत मानली. आजचे गणित म्हणते, शून्याने भागायचेच नाही, त्याला अर्थ नाही. म्हणजे या एका प्रश्नावर मोठमोठ्या बुद्धिमंतांची अनेक शतके गेली.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे आहे. नाशिकपासून हे फार दूर नाही. गणित वाढले ते अशा मठांतून आणि संस्कृत श्लोकांतून. ती भाषा आणि ती दारे आपल्या पूर्वजांना बंद होती. 'घराण्यात गणित नाही' या समजाचे मूळ डोक्यात नाही, या बंद दारांत आहे. दार बंद करणाऱ्याने पुढे सांगितले की आत येण्याची यांची लायकीच नव्हती, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी ते खरे मानले.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सहावीच्या एका मुलाने मला विचारले होते, 'सर, डब्यात काहीच नाही, तर त्यातून चार लाडू काढायचे कसे?' वर्गात त्याने हेच विचारले तेव्हा त्याला 'मठ्ठ' म्हणून बसवले होते. मी त्याला सांगितले, बाळा, सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्कल नावाचा मोठा गणिती होऊन गेला. त्याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आकडेमोडीचे यंत्र तयार करायला घेतले. त्याचेही मत हेच होते की शून्यातून चार काढले तर शून्यच उरते. इंग्लंडात तर अठराव्या शतकातही ऋण संख्या नाकारणारे विद्वान होते. तुला पडलेला प्रश्न त्यांनाही पडला. फरक इतकाच की तुला आता उत्तर माहीत होईल. डब्यातल्या लाडवांवरून विचार केला तर अडते, उधारीच्या वहीवरून केला तर सुटते. मुलगा हसला आणि त्याने उदाहरण सोडवले.

पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मूल जिथे अडखळते, तिथे बहुधा मानवजातही अडखळलेली असते. अडखळणे हा मठ्ठपणा नव्हे. ते विचार करण्याचे लक्षण आहे.

आकडे निघाले देशोदेशी

आपल्याकडचे दहा आकडे नवव्या शतकात बगदादच्या अल्‌-ख्वारिझ्मीने अरबी भाषेत समजावले. इटलीतल्या पिसा शहरचा लिओनार्डो, ज्याला फिबोनाची म्हणतात, तो व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने १२०२ साली ते युरोपच्या व्यापाऱ्यांना शिकवले. पण स्वागत सरळ झाले नाही. १२९९ साली फ्लॉरेन्स शहरातल्या सराफांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना वह्यांत हे नवे आकडे वापरायला मनाई केली. एका आकड्याला शेपूट जोडून दुसरा करता येतो, फसवणूक होईल, ही भीती. त्यांची मागणी होती की रक्कम अक्षरांत लिहावी.

त्रिरश्मीच्या लेखात रक्कम अक्षरांत आणि आकड्यांत अशी दोन्ही आहे, हे आपण पाहिले. आजही धनादेशावर दोन्ही लिहावी लागते. दोहोंत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असे आपल्या देशातल्या १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याचे कलम १८ सांगते. म्हणजे नवी कल्पना आली की जुनी मरतेच असे नाही. तिचे उपयोगाचे अंग टिकून राहते.

एक बदल तर आपल्यातल्या वृद्धांनी डोळ्यांदेखत पाहिला. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्याआधी चौसष्ट पैशांचा रुपया होता. पाऊण रुपयाचे बारा आणे मोजणारी बोटे पंचाहत्तर पैसे मोजायला शिकली. गोंधळ झाला, भांडणे झाली, पण काही वर्षांत सगळा देश शेकड्यावर आला. न शिकलेल्या आयाबायाही त्यात होत्या.

शेकडा म्हणजे किती?

हा शेकडा शब्द आपल्या घराला अजून पोळतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. उषवदाताच्या लेखात दर शेकडा एक आहे, पण तो महिन्याचा. वर्षाचा धरला तर बारा टक्के. पाऊण दराचे होतात नऊ टक्के. आजही वस्तीत पैसे फिरवणारा 'तीन टक्के' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात महिना असतो. बँक 'बारा टक्के' म्हणते तेव्हा तिच्या मनात वर्ष असते. पुष्कळ माणसे तीनला बारापेक्षा लहान समजून फसतात. दहा हजार रुपये शेकडा तीनने घेतले तर महिन्याला ३०० रुपये नुसते व्याज, वर्षाला ३६००. मुद्दल जिथल्या तिथे. बँकेच्या बारा टक्क्यांनी तेच वर्षाला १२०० होतात. तिप्पट फरक, तो केवळ 'दरमहा' हा शब्द न विचारल्यामुळे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळांत काय शिकवावे हे सांगताना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब त्यांनी आवर्जून घातला होता. शेतकऱ्याच्या अंगठ्यावर सावकार आणि कुलकर्णी कसे जगतात, हे त्यांनी पाहिले होते. वाचता येऊन हिशेब आला नाही, तर माणूस अर्धाच मोकळा होतो.

बचत गटातल्या भगिनींनी तर उषवदाताचा लेख आपलाच समजावा. गटाचे भांडवल, महिन्याचा शेकडा, वाटपाची यादी आणि सर्वांसमोर वाचलेली नोंद. मासिक बैठकीत वही लिहिणारी एकच बाई असेल तर पाळी लावा. प्रत्येकीने वर्षातून निदान एकदा तरी वही लिहावी आणि ताळा करून दाखवावा.

एवढे करून पाहा

पालकांना दोन विनंत्या आहेत. मुलाला नवीन भाग शिकवताना नियम आधी सांगू नका, अडचण आधी सांगा. शून्य का लागले, ऋण संख्या कशासाठी आली, पाऊण आणि दशांश कुठे उपयोगी पडतात, हे कळले की नियम पाठ करावे लागत नाहीत. कल्पना गरजेतून जन्मली, त्याच वाटेने ती मुलाच्या डोक्यात सहज शिरते.

दुसरी विनंती त्रिरश्मीची. पुढच्या वेळी लेणीवर जाल तेव्हा वही-पेन्सिल बरोबर न्या. वंदन झाल्यावर दहा क्रमांकाच्या लेणीच्या ओसरीत पाच मिनिटे थांबा. भिंतीला हात लावू नका, खडूने अक्षरे भरू नका, ती आपली ठेव आहे. मुलांना आडव्या रेघांचे २ आणि ३ शोधायला सांगा. मग तिथेच बसून उदाहरण घाला : दोन हजार कार्षापण, दरमहा शेकडा एक, वीस भिक्खू, प्रत्येकाला किती? उत्तर बारा येईल. मग दुसरे घाला, थोडे अवघड : वीसऐवजी तीस भिक्खू असते आणि प्रत्येकाला बाराच द्यायचे असते, तर ठेव किती ठेवावी लागली असती? याचे उत्तर मी इथे देत नाही. घरात जो ते आधी काढील, त्याच्याकडून बाकीच्यांनी समजावून घ्यावे.